ऑरॉक्स : प्रागैतिहासिक कला व मानवी संस्कृती

यूरोप, आशिया व उत्तर आफ्रिका या भूभागांत एके काळी विपुल असलेला, आता निर्वंश झालेला रानबैल. स्तनी वर्गाच्या गो-कुलात (बोव्हिडी कुलात) याचा समावेश होतो. शास्त्रीय नाव बॉस प्रायमिजीनियस. जगातील सर्व पाळीव गायीबैल, मग ते वशिंड असलेले भारतीय असोत वा वशिंड नसलेले यूरोपीय, याच जातीचे वंशज आहेत. उत्तर पुराश्मयुगातील मानवाने गुहांच्या भिंतींवर ज्या प्राण्यांची चित्रे पुनःपुन्हा काढली त्यांत ऑरॉक्स प्रमुख होता. नवाश्मयुगीन वस्त्यांत त्याच्या शिंगांना घराच्या अंतर्भागात मानाचे स्थान मिळाले. प्राचीन राजांनी त्याचे बळ स्वतःच्या बिरुदांत घेतले. असे असूनही या जातीतील अखेरची मादी १६२७ मध्ये पोलंडमधील एका अरण्यात मेली. मानवाने ज्याला इतका काळ डोळ्यांपुढे ठेवले तो प्राणी मानवाच्या देखत, त्याच्या संरक्षणाचे हुकूम निघालेले असताना नाहीसा झाला. ऑरॉक्सच्या इतिहासाचे महत्त्व या विसंगतीत आहे.

वर्णन व प्रसार : जीवाश्म, सांगाडे, प्राचीन चित्रे व सोळाव्या शतकातील लिखित वर्णने यांवरून ऑरॉक्सच्या स्वरूपाची बरीच निश्चित कल्पना येते. पूर्ण वाढलेल्या नराची खांद्याजवळील उंची सु. १५५ ते १८० सेंमी., तर मादीची सु. १३५ ते १५५ सेंमी. असे. पाय पाळीव बैलाच्या मानाने लांब, छाती व मान भरदार आणि डोके मोठे व लांबट होते. शिंगे जाड असून ती प्रथम बाहेर, मग पुढे व शेवटी आत वर वळलेली असत. मोठ्या नरांत त्यांची लांबी ८० सेंमी. पर्यंत जाई. नराचा रंग काळा असून पाठीच्या कण्यावरून फिकट रंगाचा एक पट्टा गेलेला असे. माद्या व वासरे तांबूस तपकिरी असत. नाकपुड्यांभोवतीचा भाग फिकट असे. गवत, पाला, कोवळ्या डहाळ्या व शरद ऋतूत ओकची फळे हे त्याचे खाद्य होते. नदीकाठची दलदल, पूरमैदाने व विरळ अरण्ये येथे तो प्रामुख्याने राही.

भौगोलिक दृष्ट्या या जातीच्या तीन उपजाती मानतात : यूरोप व पश्चिम-उत्तर आशियातील प्रायमिजीनियस, उत्तर आफ्रिकेतील आफ्रिकॅनस आणि भारतीय उपखंडातील नामाडिकस. यूरोपातील बायसन व भारतातील गवा यांच्याशी ऑरॉक्सची गल्लत होण्याचा संभव असतो. तथापि हे दोन्ही प्राणी भिन्न जातींचे असून आजही अस्तित्वात आहेत. बायसनच्या मानेवर व खांद्यावर दाट आयाळ असते, तर गव्याच्या पाठीवर खांद्यापासून निघालेला उंच कणा असतो. ही दोन्ही लक्षणे ऑरॉक्समध्ये नव्हती.

या जातीचे शास्त्रीय नामकरण तिच्या अंतानंतर झाले. लूटव्हिख बोयानस या शरीररचनाशास्त्रज्ञाने जीवाश्मांच्या अभ्यासावरून दिलेले बॉस प्रायमिजीनियस हे नाव १८२७ मध्ये, म्हणजे अखेरची मादी मेल्यानंतर बरोबर दोनशे वर्षांनी प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी बोयानस निधन पावला.

पुराश्मयुगीन कला : फ्रान्समधील आब्री ब्लांशार या शैलाश्रयात २०१२ मध्ये चुनखडकाची एक शिळा सापडली. तिच्यावर ऑरॉक्सची आकृती कोरलेली असून भोवती टिंबांच्या ओळी आहेत. ही शिळा सु. ३८,००० वर्षांपूर्वीची आहे. याच देशातील आर्देश विभागात १९९४ मध्ये उजेडात आलेल्या शोव्हे गुहेत सिंह, गेंडा, मॅमथ इ. प्राण्यांबरोबर कोळशाने रेखाटलेले ऑरॉक्सही आहेत. तेथील जुनी चित्रे सु. ३६,००० वर्षांपूर्वीची ठरतात. यावरून आधुनिक मानव यूरोपात स्थिरावल्यानंतर अल्पावधीतच हा प्राणी त्याच्या कलेचा विषय झाला होता, हे स्पष्ट होते.

ऑरॉक्सच्या चित्रणाचा परमोत्कर्ष दॉर्दोन्यू विभागातील लास्को गुहेत दिसतो. १२ सप्टेंबर १९४० रोजी चार मुलांनी शोधून काढलेल्या या गुहेच्या पहिल्या दालनास ‘वृषभकक्ष’ असे नाव मिळाले. त्याच्या पांढऱ्या भिंतींवर काळ्या रेषेत काढलेले चार प्रचंड वृषभ असून त्यांपैकी सर्वांत मोठा ५ मी. हून अधिक लांब आहे. पुराश्मयुगीन गुहाचित्रांतील प्राण्यांच्या ज्ञात आकृतींत एवढी मोठी आकृती क्वचितच आढळते. चित्रे सु. १७,००० ते २०,००० वर्षांपूर्वीची मानतात. काळ्या रंगासाठी मँगॅनीजची खनिजे व तांबड्या-पिवळ्या रंगांसाठी लोहाची खनिजे वापरली आहेत. गुहेत सूर्यप्रकाश पोहोचत नसल्याने दगडी दिव्यांत प्राण्यांची चरबी जाळून काम केले जाई. लगतच्या दालनात भिंतीला उंचावर आढळलेल्या खोबणींवरून तेथे लाकडी माळा बांधला असावा, असे अनुमान करतात. वृषभांची शरीरे एका बाजूने पाहिल्याप्रमाणे, तर शिंगे किंचित समोरून पाहिल्याप्रमाणे दाखविली आहेत. त्यामुळे दोन्ही शिंगांचा डौल एकाच वेळी दिसतो. नर व मादी यांतील आकाराचा व रंगाचा फरक चित्रकारांनी काटेकोरपणे पाळला आहे. प्राणिशास्त्रज्ञांना ऑरॉक्सच्या रंगाविषयी जी माहिती आहे तिचा एक आधार ही चित्रे होत.

या चित्रांचा हेतू काय असावा, यासंबंधी मतभेद आहेत. शिकार यशस्वी व्हावी म्हणून केलेली ही जादू होय, हा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील लोकप्रिय सिद्धांत. तथापि लास्को गुहेत सापडलेल्या हाडांत रेनडियरची हाडे बहुसंख्य आहेत आणि चित्रांत मात्र रेनडियर जवळजवळ नाही. ज्याचे मांस नित्य खाल्ले जाई त्याचे चित्र नाही व ज्याचे चित्र भव्य आहे तो रोजचा आहार नव्हता. आंद्रे लरवा-गूराँ या फ्रेंच संशोधकाने गुहांतील प्राण्यांच्या मांडणीत नियमबद्धता आहे, असे दाखविण्याचा प्रयत्न केला. घोडा आणि ऑरॉक्स किंवा बायसन यांची जोडी या मांडणीच्या केंद्रस्थानी आहे, असे त्याचे म्हणणे होते. त्याच्या विवेचनातील तपशील पुढे सर्वमान्य झाले नाहीत. परंतु प्राण्यांची निवड केवळ भुकेपोटी झालेली नाही, हा त्यातील मुद्दा टिकून राहिला. ऑरॉक्स हा त्या समाजाच्या विचारविश्वातील प्राणी होता, एवढे निश्चित म्हणता येते.

लास्को गुहेचा पुढील इतिहासही उद्बोधक आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ती लोकांना खुली झाली. प्रेक्षकांच्या गर्दीमुळे वाढलेला कार्बन डाय-ऑक्साइड, आर्द्रता व प्रकाश यांमुळे भिंतींवर शैवल वाढू लागले व चित्रांना धोका उत्पन्न झाला. त्यामुळे १९६३ मध्ये गुहा बंद करण्यात आली. १९७९ मध्ये या परिसरातील गुहांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला आणि १९८३ मध्ये मूळ गुहेजवळ तिची प्रतिकृती उघडण्यात आली.

ऑरॉक्सची चित्रे केवळ गुहांच्या अंधारातच आहेत असे नाही. पोर्तुगालच्या ईशान्य भागातील कोआ नदीच्या खोऱ्यात उघड्या खडकांवर घोडे, रानबकरे व ऑरॉक्स यांची हजारो खोदचित्रे आहेत. त्यांपैकी काहींत एकाच शरीराला दोन-तीन डोकी दाखवून मान वळविण्याची क्रिया सूचित केली आहे. या नदीवर धरण बांधण्याचे काम चालू असताना १९९४ मध्ये ही चित्रे जगापुढे आली. ती पाण्याखाली जाणार हे कळताच पोर्तुगालमध्ये मोठे आंदोलन झाले. विद्यार्थ्यांनीही त्यात भाग घेतला. अखेर शासनाने धरणाचे काम सोडून दिले व १९९८ मध्ये हे स्थळ जागतिक वारसा म्हणून मान्य झाले. इटलीच्या दक्षिणेकडील कालाब्रिया विभागात ग्रोत्ता देल रोमितो या स्थळी एका मोठ्या शिळेवर कोरलेला ऑरॉक्स त्याच्या प्रमाणबद्धतेमुळे प्रसिद्ध आहे. ईजिप्तमध्ये कोम ओम्बोजवळील कुर्ता येथे वालुकाश्माच्या कड्यांवर कोरलेल्या आकृतींत बहुसंख्य ऑरॉक्सच्याच आहेत. ही चित्रे १९६२-६३ मध्ये प्रथम पाहण्यात आली होती. परंतु त्यांची प्राचीनता मान्य होण्यास पुढील शतक उजाडावे लागले. त्यांच्यावर साचलेल्या वाळूच्या थरांच्या कालमापनावरून ती किमान १५,००० वर्षांपूर्वीची ठरली. भूमध्य समुद्राच्या दोन्ही अंगांना हाच प्राणी एवढ्या आत्मीयतेने कोरला जावा, हे लक्षणीय होय.

शिकारी व शिकार : हिमयुगाच्या समाप्तीनंतर यूरोपात अरण्ये वाढली आणि मध्याश्मयुगीन लोक लहान दगडी पात्यांचे बाण वापरून ऑरॉक्सची शिकार करू लागले. डेन्मार्कमध्ये दलदलीच्या पीट मातीत सापडलेले दोन सांगाडे या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. विग येथे १९०५ मध्ये मिळालेल्या नराच्या फासळ्यांत गारगोटीची टोके रुतलेली आढळली. त्यांपैकी एक जखम भरून आलेली होती, म्हणजे एका शिकारीतून तो बचावला होता. प्रायलेरप येथे १९८३ मध्ये मिळालेल्या वृद्ध नराच्या सांगाड्याबरोबर बाणांची अनेक बारीक टोके सापडली. दोन्ही प्राणी जखमी अवस्थेत पाण्याकडे पळाले व शिकाऱ्यांच्या हाती न लागता तेथेच मेले. शेकडो किग्रॅ. वजनाच्या व चपळ असलेल्या या प्राण्यावर जवळून बाण सोडणे हे मोठ्या धाडसाचे काम होते, याची साक्ष हे सांगाडे देतात.

माणसाळविण्याची प्रक्रिया : ऑरॉक्स माणसाळविला जाण्यापूर्वी व जात असताना त्याला विशेष सांकेतिक महत्त्व प्राप्त झाल्याचे पश्चिम आशियातील पुराव्यावरून दिसते. तुर्कस्तानातील गबेक्ली टेपे येथील दगडी स्तंभांवर (सुरुवात इ. स. पू. सु. ९५००) कोल्हा, साप, पक्षी इत्यादींबरोबर रानबैलही कोरलेला आहे. सिरियातील मुरेबेत येथे घरातील मातीच्या ओट्यात ऑरॉक्सची शिंगे पुरलेली आढळली. अनातोलियातील चाताल ह्यूयूक या नवाश्मयुगीन वसाहतीत (इ. स. पू. सु. ७१००–६०००) ही प्रथा परिणतीस पोहोचली. जेम्स मेलार्टने १९६१–६५ या काळात केलेल्या उत्खननात तेथील घरांत शिंगांसह बसविलेली व मातीने लिंपलेली बैलांची डोकी, शिंगांच्या रांगा असलेले ओटे आणि भित्तिचित्रे उजेडात आली. एका चित्रात प्रचंड तांबडा बैल असून त्याच्याभोवती अनेक लहान मानवाकृती धावताना दाखविल्या आहेत. हे बैल पाळीव असावेत, असे प्रारंभी मानले गेले. १९९३ नंतर इअन हॉडर याच्या नेतृत्वाखाली झालेल्या उत्खननांतील हाडांच्या अभ्यासाने वसाहतीच्या पूर्वकाळातील बैल रानटीच होते, हे सिद्ध केले. पाळीव गुरे तेथे इ. स. पू. सु. ६५०० नंतर आली. सामूहिक भोजनासाठी मारलेल्या रानबैलांची शिंगे स्मारक म्हणून घरात जपली जात असावीत, असा अर्थ आता लावतात. मेंढ्या व शेळ्या पाळणारे हे लोक रानबैलाची शिकार मात्र सोडत नव्हते.

बिनवशिंडाची गुरे प्रथम युफ्रेटीस व टायग्रिस या नद्यांच्या वरच्या खोऱ्यांत सु. १०,५०० वर्षांपूर्वी माणसाळविण्यात आली. इराणमधील प्राचीन हाडांतील आनुवंशिक द्रव्याच्या अभ्यासावरून २०१२ मध्ये असे अनुमान काढण्यात आले, की या पाळीव कळपांचा आरंभ सु. ८० रानगायींपासून झाला असावा. संख्येचा हा लहानपणा या कार्यातील अडचण दाखवितो. मेंढीप्रमाणे सहज वश होणारा हा प्राणी नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या शांत स्वभावाच्या जनावरांची निवड करून व आक्रमक नर मारून टाकून त्याचे वंशज गोठ्यात आणले गेले. त्यांचा आकार घटला, शिंगे आखूड झाली व नर-मादीतील फरक कमी झाला. पाळीव कळप यूरोपात पसरताना त्यांचा स्थानिक रानबैलांशी संकर होत राहिला, हे २०१५ मध्ये ब्रिटनमधील एका प्राचीन हाडावरून व २०२४ मध्ये ३८ प्राचीन नमुन्यांवरून केलेल्या आनुवंशिक अभ्यासांतून दिसून आले आहे.

भारतीय शाखा : भारतीय उपखंडातील ऑरॉक्सला हे नाव नर्मदेमुळे मिळाले. ह्यू फॉकनर याने नर्मदेच्या खोऱ्यातील गाळाच्या थरांत मिळालेल्या जीवाश्मांवरून १८५९ मध्ये त्याचे बॉस नामाडिकस असे वर्णन केले. गोदावरीच्या खोऱ्यातील प्लाइस्टोसीन थरांतही त्याचे जीवाश्म मिळाले आहेत. म्हणजे महाराष्ट्राच्या भूमीवर दगडी हत्यारे वापरणारा मानव व हा रानबैल यांचे सान्निध्य होते. बलुचिस्तानातील मेहरगढ येथे १९७४ पासून झालेल्या उत्खननांत इ. स. पू. सु. ७००० पासून पुढे रानटी प्राण्यांच्या हाडांचे प्रमाण घटत गेले व गुरांचे वाढत गेले, तसेच गुरांचा आकार लहान होत गेला असे आढळले. वशिंड असलेली गुरे पश्चिम आशियातून आणली नसून ती भारतीय रानबैलापासून स्वतंत्रपणे माणसाळविली गेली, हा या पुराव्याचा निष्कर्ष आनुवंशिक अभ्यासानेही पुष्ट झाला आहे. महाराष्ट्रातील खिल्लार, डांगी, देवणी व गवळाऊ या जाती याच परंपरेतील होत. भारतीय रानबैलाचे सर्वांत अलीकडचे ज्ञात अवशेष कर्नाटकातील बनहळ्ळी येथील असून ते सु. ४,२०० वर्षांपूर्वीचे आहेत. त्याच्या अंताची लिखित नोंद कोठेही नाही.

मध्य प्रदेशातील भीमबेटका व इतर शैलाश्रयांतील चित्रांत गोवंशीय प्राणी पुष्कळ आहेत. परंतु त्यांत गवा, रानरेडा व रानबैल यांचे पृथक्करण प्रत्येक ठिकाणी करता येत नाही. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर सर्वाधिक वेळा आढळणारा एकशिंगी प्राणी म्हणजे एका बाजूने पाहिलेला रानबैलच होय, असे काही संशोधकांचे मत आहे. एक शिंग दुसऱ्याच्या मागे झाकले गेले आहे, असे ते मानतात. याउलट एकच शिंग असलेल्या मातीच्या लहान मूर्तीही सापडल्या असल्याने तो काल्पनिक प्राणी होता, असे इतर संशोधक म्हणतात. त्याच मुद्रांवर वशिंडाचा पाळीव वृषभ मात्र निःसंदिग्धपणे कोरलेला आहे.

प्राचीन संस्कृतींतील स्थान : पाळीव बैल नांगराला जुंपला गेल्यानंतरही रानबैलाचा दरारा कमी झाला नाही, उलट तो राजसत्तेचे प्रतीक बनला. ईजिप्तमध्ये नार्मरच्या प्रसिद्ध शिलापट्टावर (इ. स. पू. सु. ३१००) तटबंदी फोडून शत्रूला तुडविणारा बैल म्हणजे राजाच होय. पुढील फेअरोंच्या बिरुदांत ‘बलिष्ठ वृषभ’ हे विशेषण रूढ झाले. तिसऱ्या आमेनहोतेपने रानबैलांच्या शिकारीच्या स्मरणार्थ भुंग्याच्या आकाराच्या कोरीव मुद्रा काढल्या आणि तिसऱ्या रॅमसीझने मेदिनेत हाबू येथील मंदिराच्या भिंतीवर अशाच शिकारीचे दृश्य कोरविले. मेसोपोटेमियात गिलगामेश महाकाव्यात नायकाची तुलना रानबैलाशी केलेली असून स्वर्गीय वृषभाचा वध हा त्यातील महत्त्वाचा प्रसंग आहे. ॲसिरियाचा राजा दुसरा आशुरनासिरपाल (इ. स. पू. ८८३–८५९) रथातून रानबैलाची शिकार करतानाचे उत्थित शिल्प निमरूद येथील राजवाड्यात होते. बॅबिलनमध्ये दुसऱ्या नेबुकॅड्नेझरने इ. स. पू. सु. ५७५ मध्ये उभारलेल्या इश्तार द्वाराच्या निळ्या विटांवर अदाद या पर्जन्यदेवाचे वाहन म्हणून रानबैलांच्या रांगा होत्या. हे द्वार आता बर्लिन येथील पेर्गामॉन संग्रहालयात पुन्हा उभारलेले आहे. ग्रीसमधील वाफिओ येथील थडग्यात सापडलेल्या दोन सोन्याच्या पेल्यांवर (इ. स. पू. पंधरावे शतक) बैल जाळ्यात पकडण्याचे व दोराने बांधण्याचे प्रसंग ठसविले आहेत.

ज्यूंच्या धर्मग्रंथांत ‘रेएम’ या नावाने येणारा बलाढ्य प्राणी ऑरॉक्सच असावा. ग्रीक भाषांतरकारांना तो अपरिचित झाल्याने त्यांनी त्यासाठी ‘एकशिंगी’ या अर्थाचा शब्द वापरला आणि तेथून तो १६११ च्या इंग्रजी बायबलमध्येही आला. खरा प्राणी विस्मृतीत गेला की त्याच्या जागी काल्पनिक प्राणी कसा येतो, याचे हे उदाहरण होय. सेमिटिक वर्णमालेतील पहिले अक्षर ‘आलेफ’ म्हणजे बैल. बैलाच्या डोक्याच्या चित्रापासून बनलेले हे अक्षर पुढे ग्रीक व रोमन लिपींत उलटे होऊन त्यांचे आद्याक्षर झाले.

ज्यूलियस सीझरने गॉलमधील युद्धांच्या वृत्तांतात जर्मनीतील अरण्यांत राहणाऱ्या ‘उरी’ या प्राण्याचे वर्णन केले आहे. हत्तीहून थोडा लहान, बैलासारखा दिसणारा, अत्यंत बलवान व वेगवान असा हा प्राणी जर्मन तरुण खड्ड्यांत पकडून मारीत. ज्याने अधिक मारले तो शिंगे लोकांपुढे मांडून वाहवा मिळवी. शिंगांच्या कडा चांदीने मढवून मेजवानीत त्यांचा पानपात्र म्हणून उपयोग करीत. सीझरने आकाराच्या बाबतीत अतिशयोक्ती केली असली, तरी पिल्ले पकडूनही हा प्राणी माणसाळत नाही, हे त्याचे निरीक्षण लक्षात घेण्यासारखे आहे. रोमच्या गोठ्यांतील गुरे ज्या प्राण्यापासून आली त्याला रोमन लोक पूर्णपणे परके मानीत होते. मध्ययुगीन जर्मन महाकाव्यांतही वीरांच्या शिकारीत ऑरॉक्सचा उल्लेख येतो. मॉल्डोव्हाच्या राजचिन्हावर त्याचे मस्तक आजही आहे.

निर्वंश होणे : ऑरॉक्सचा ऱ्हास शेतीच्या प्रसाराबरोबर झाला. नदीकाठची सुपीक जमीन त्याला जशी हवी होती तशीच शेतकऱ्यालाही हवी होती. ब्रिटनमधून तो ब्राँझयुगात, सु. ३,५०० वर्षांपूर्वी नाहीसा झाला. तेराव्या शतकापर्यंत त्याचा वावर पोलंड, लिथ्युएनिया, पूर्व प्रशिया व मॉल्डेव्हिया यांसारख्या पूर्व यूरोपीय प्रदेशांपुरता उरला. त्याच्या शिकारीचा हक्क प्रथम सरदारांपुरता व नंतर केवळ राजघराण्यापुरता मर्यादित करण्यात आला. अखेरचे कळप वॉर्साच्या नैर्ऋत्येस असलेल्या माझोव्हियातील याक्तोरूफच्या राजअरण्यात उरले. तेथील गावकऱ्यांकडे या कळपांच्या राखणीचे काम होते. हिवाळ्यात त्यांच्यासाठी वाळलेले गवत ठेवले जाई व या सेवेच्या मोबदल्यात गावकऱ्यांना करांत सूट असे. शिकाऱ्यांवर कडक निर्बंध होते. वन्य प्राण्याच्या रक्षणासाठी राज्याने केलेल्या एवढ्या पद्धतशीर व्यवस्थेचे यापूर्वीचे उदाहरण यूरोपात क्वचितच आढळेल.

राजाच्या अधिकाऱ्यांनी वेळोवेळी केलेल्या गणतीचे आकडे उपलब्ध आहेत. १५६४ मध्ये ३८ जनावरे होती. १५९९ मध्ये २४ उरली. १६०२ मध्ये केवळ ४. अखेरचा नर १६२० मध्ये मेला. त्यानंतर सात वर्षे एकच मादी जिवंत होती. १६२७ मध्ये तीही मेली. मॉरिशसमधील डोडो पक्ष्याचा अंत याच शतकात पुढे झाला. एखाद्या जातीच्या शेवटच्या जीवाच्या मृत्यूचे वर्ष इतक्या निश्चितपणे ठाऊक असल्याचे हे अगदी आरंभीचे उदाहरण आहे.

या अंताला शिकार एवढेच कारण नव्हते. याक्तोरूफ येथे शिकार तर जवळजवळ बंद होती. आसपासच्या गावांतील गुरे व घोडे त्याच अरण्यात चरत असत. उत्तम कुरणे पाळीव जनावरांनी व्यापली आणि ऑरॉक्सला दलदलीच्या कडेचा निकृष्ट चारा उरला. पाळीव गुरांकडून आलेल्या साथीच्या रोगांनी लहानशा कळपाची हानी केली असावी, असेही मानतात. राजसत्तेचा धाक जसजसा ढिला झाला तसतशी राखणीही ढिली झाली. संरक्षण होते ते प्राण्याला. त्याच्या चराईच्या जमिनीला नव्हते. अशा रीतीने ऑरॉक्सच्या अंताला त्याचेच माणसाळलेले वंशज मोठ्या प्रमाणात कारणीभूत झाले. ज्या गायींच्या दुधावर व ज्या बैलांच्या श्रमावर शेतीप्रधान समाज उभे राहिले त्यांच्या चाऱ्यासाठी त्यांच्या मूळ पूर्वजाला जागा उरली नाही.

अखेरच्या नराचे शिंग राजासाठी पानपात्र म्हणून मढविण्यात आले. सतराव्या शतकाच्या मध्यास स्वीडिश सैन्याने पोलंडमधून लूट नेली तीत ते गेले व सध्या ते स्टॉकहोम येथील राजशस्त्रागार-संग्रहालयात आहे. सीझरने वर्णिलेली चांदीने मढविलेली शिंगे व हे शिंग यांत सु. १,७०० वर्षांचे अंतर आहे. प्रथा मात्र तीच आहे.

पुनरुज्जीवनाचे प्रयत्न : विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात लुट्स हेक व हाइन्ट्स हेक या जर्मन बंधूंनी अनुक्रमे बर्लिन व म्यूनिक येथील प्राणिसंग्रहालयांत निरनिराळ्या पाळीव जातींचा संकर करून ऑरॉक्स पुन्हा निर्माण करण्याचा प्रयत्न केला. त्यातून निर्माण झालेली गुरे ‘हेक गुरे’ म्हणून ओळखली जातात. लुट्स हेकच्या प्रयत्नांना पुढे नाझी राजवटीतील आदिम जर्मन अरण्याच्या कल्पनेची जोड मिळाली. ही गुरे रंगाने ऑरॉक्सशी जुळती असली, तरी उंची, पायांची लांबी व शिंगांची ठेवण या बाबतींत ती त्याहून भिन्न आहेत. २००८ पासून नेदर्लंड्समध्ये दक्षिण यूरोपातील जुन्या ढंगाच्या जातींच्या संकरावर आधारलेला अधिक काटेकोर प्रकल्प सुरू झाला. रानात स्वतंत्रपणे चरणारी व अरण्याचे आणि कुरणांचे संतुलन राखणारी मोठी गुरे निर्माण करणे, हा त्याचा मुख्य हेतू आहे. अशा संकरातून ऑरॉक्ससारखा दिसणारा प्राणी मिळू शकतो. परंतु नष्ट झालेली जात परत येत नाही.

ऑरॉक्सची आनुवंशिक परंपरा जगातील कोट्यवधी पाळीव गुरांत विखुरलेली आहे. त्या अर्थाने हा प्राणी पूर्णतः संपलेला नाही. रानात स्वतःच्या बळावर जगणारा, मानवाचे काहीही न लागणारा प्राणी म्हणून मात्र तो संपला आणि लास्कोच्या चित्रकारांनी ज्याला भिंतीवर स्थान दिले तो हाच होता. त्याचे त्या रूपातील दर्शन आता केवळ गुहांतील व खडकांवरील चित्रांतच होते.